भग (स्त्रीची बाह्य जननेंद्रिये)

भग : स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांच्या समूहास शारीरात ‘भग’ अशी संज्ञा आहे. जघन उंचवटा, बृहत् व लघु भगोष्ठ, शिश्निका, योनिप्रघाण, त्यात उघडणारी मूत्रद्वार व योनिद्वार, योनिच्छद आणि प्रघाणालगतच्या ग्रंथी यांचा त्यात समावेश होतो. योनिमार्ग, गर्भाशय, अंडवाहिन्या व अंडकोश ही अंतर्जननेंद्रिये होत [⟶ जनन तंत्र]. व्यवहारात मात्र ‘योनी’ हा एकच शब्द कधी भगास, कधी योनिमार्गास, तर कधी संपूर्ण जननमार्गास लावला जातो. बोलीभाषेत ‘अंग’, ‘मायांग’, ‘खालची जागा’ अशा आडवळणाच्या शब्दांवरच भागविले जाते. या संदिग्धतेचा परिणाम केवळ भाषेपुरता राहत नाही. ‘खाली आग होते’ या एकाच तक्रारीचे मूळ मूत्रमार्गाच्या संसर्गात, भगाच्या त्वचाविकारात किंवा योनिमार्गाच्या शोथात (दाहयुक्त सुजेत) असू शकते आणि तिन्हींचे उपचार भिन्न असतात. म्हणून या भागांची नावे व स्थाने माहीत असणे हे आरोग्यरक्षणाचे पहिले साधन होय.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात योनीला शंखाच्या नाभीची उपमा दिली असून तिची तीन आवर्ते मानली आहेत. चरक व सुश्रुत या दोहोंच्या संहितांत वीस योनिव्यापदांचे (जननमार्गाच्या विकारांचे) वर्णन आढळते. यूरोपात गेलेन यांच्या मतानुसार स्त्रीची जननेंद्रिये म्हणजे पुरुषाच्याच इंद्रियांची आत वळलेली प्रतिकृती असे दीर्घकाळ समजले जाई. सोळाव्या शतकात रेआल्दो कोलोंबो (१५५९) व गाब्रिएले फाल्लोप्यो (१५६१) या इटालियन शारीरविज्ञांनी शिश्निकेचे वर्णन प्रसिद्ध केले. योनिद्वारालगतच्या ग्रंथींचे वर्णन कास्पार बार्थोलिन (धाकटे) या डॅनिश शारीरविज्ञांनी १६७७ मध्ये, तर मूत्रद्वाराजवळच्या ग्रंथींचे वर्णन अलेक्झांडर स्कीन यांनी १८८० मध्ये केले. गेओर्क लूटव्हिख कोबेल्ट या जर्मन शारीरविज्ञांनी १८४४ मध्येच शिश्निकेची आतील रचना तपशिलाने रेखाटली होती. तथापि विसाव्या शतकातील अनेक पाठ्यपुस्तकांत ती त्रोटक स्वरूपातच येत राहिली. ऑस्ट्रेलियातील मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओकॉनेल यांनी शवविच्छेदनाच्या आधारे १९९८ मध्ये तिचा खरा विस्तार पुन्हा दाखवून दिला.

भ्रूणावस्थेतील विकास : गर्भाच्या सु. सातव्या आठवड्यापर्यंत स्त्री व पुरुष यांच्या बाह्य जननेंद्रियांची मूळ रचना सारखीच असते. पुढे मधल्या उंचवट्यापासून स्त्रीगर्भात शिश्निका व पुरुषगर्भात शिश्नाचा बराचसा भाग तयार होतो. मूत्रजनन घड्यांपासून लघु भगोष्ठ आणि त्यांबाहेरील फुगवट्यांपासून बृहत् भगोष्ठ बनतात; पुरुषात हेच फुगवटे एकत्र जुळून वृषणकोश बनतो. बाराव्या आठवड्याच्या सुमारास हा भेद बाहेरून ओळखता येतो.

रचना : जघनास्थींच्या सांध्यापुढील मेदमय उंचवट्यावर यौवनारंभी केस उगवतात. तेथून मागे मूलाधाराकडे (योनिद्वार व गुदद्वार यांमधील भागाकडे) जाणाऱ्या त्वचेच्या दोन जाड घड्यांना बृहत् भगोष्ठ म्हणतात. त्यांत मेद, स्वेदग्रंथी व त्वक्‌स्नेहग्रंथी असून बाहेरील पृष्ठभागावर केस असतात. त्यांच्या आतील बाजूस असणारे लघु भगोष्ठ पातळ, केशरहित व मेदरहित असतात. पुढे ते दुभंगून शिश्निकेवर आवरण तयार करतात.

शिश्निकेचा बाहेरून दिसणारा भाग म्हणजे वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान असे तिचे अग्र होय. तिचा बहुतेक भाग त्वचेखाली असतो. काया, जघनास्थींना चिकटलेले दोन पाद आणि योनिद्वाराच्या दोन्ही बाजूंचे उत्थानक्षम ऊतकाचे दोन कंद मिळून ही संपूर्ण रचना बनते. उत्तेजनाच्या वेळी या ऊतकात रक्त साठून ते फुगते. तिच्या तंत्रिकांत दहा हजारांहून अधिक तंतू असल्याचे २०२२ मध्ये मानवी ऊतकाच्या सूक्ष्मदर्शकीय मोजणीत आढळून आले. मूत्रविसर्जन किंवा प्रसूती यांत या अवयवाचा भाग नसून लैंगिक संवेदन हेच त्याचे कार्य आहे.

दोन्ही लघु भगोष्ठांमधील जागेस योनिप्रघाण म्हणतात. त्यात पुढे मूत्रद्वार व त्यामागे योनिद्वार अशी दोन स्वतंत्र द्वारे असतात. स्त्रीचा मूत्रमार्ग सु. ४ सेंमी., तर पुरुषाचा सु. २० सेंमी. लांब असतो. या आखूडपणामुळे आणि गुदद्वाराच्या सान्निध्यामुळे स्त्रियांत मूत्रमार्गाचा संसर्ग अधिक आढळतो. बार्थोलिन ग्रंथी योनिद्वाराच्या मागील बाजूस उजवीकडे व डावीकडे एकेक असते. तिच्या स्रावाने प्रघाण ओलसर राहते.

योनिमार्ग ही स्नायू व श्लेष्मकला यांची प्रसरणशील नळी असून तिची पुढील भित्ती सु. ७–८ सेंमी., तर मागील सु. ९–१० सेंमी. लांब असते. एरव्ही या भित्ती एकमेकींस टेकलेल्या असतात. नळीच्या वरच्या टोकास गर्भाशय ग्रीवा असल्यामुळे योनिमार्गात ठेवलेली वस्तू पोटात ‘हरवत’ नाही.

स्वाभाविक भिन्नता : चेहऱ्याप्रमाणेच भगाचे रूपही व्यक्तिपरत्वे भिन्न असते. लंडनमध्ये ५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लघु भगोष्ठांची लांबी २ ते १० सेंमी. व रुंदी ०·७ ते ५ सेंमी. आढळली. ते बृहत् भगोष्ठांच्या बाहेर येणे, दोन्ही बाजू असमान असणे, उरलेल्या त्वचेपेक्षा रंग गडद असणे यांपैकी काहीही विकृती नव्हे. रंग उजळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मलमांनी या नाजूक त्वचेचा दाह होऊ शकतो.

वयानुसार बदल : यौवनारंभी स्त्रीमदजन हॉर्मोनाच्या प्रभावाने योनिमार्गाची श्लेष्मकला जाड होते व तिच्या कोशिकांत ग्लायकोजेन साठते. त्यापासून लॅक्टोबॅसिलस जातीचे सूक्ष्मजंतू लॅक्टिक अम्ल तयार करतात. या जंतूंचे वर्णन आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ मध्ये केले. जननक्षम वयात योनिमार्गातील पीएच मूल्य सामान्यतः ३·८ ते ४·५ असते आणि ही अम्लता रोगकारक जंतूंना आळा घालते. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीमदजन घटल्याने श्लेष्मकला पातळ व कोरडी होते, संभोग वेदनामय होतो आणि लघवीच्या तक्रारी वाढतात. ‘वय झाले’ म्हणून हे सोसण्याचे कारण नाही. वंगणे व स्थानिक स्त्रीमदजन मलम यांनी आराम पडतो.

योनिच्छद व त्याविषयीचे समज : योनिद्वाराच्या कडेने असणाऱ्या श्लेष्मकलेच्या पातळ घडीस योनिच्छद म्हणतात. तो द्वार बंद करणारा पडदा नसून बहुधा चंद्रकोरीसारखा किंवा वलयाकार असतो. म्हणूनच ऋतुस्राव बाहेर येऊ शकतो. क्वचित तो जन्मतःच पूर्ण बंद असतो. अशा मुलीस वयात येऊनही पाळी येत नाही, मात्र दरमहा पोटात दुखते. लहानशा शस्त्रक्रियेने हा दोष दूर होतो.

योनिच्छदाची जाडी व लवचिकता जन्मतःच भिन्न असते. पहिल्या संभोगात तो ताणला जाऊन रक्तस्राव न होणे हे अगदी स्वाभाविक आहे. त्याच्या स्थितीवरून संभोग झाला किंवा नाही हे ठरविता येत नाही. तरीही या समजापायी असंख्य मुलींना अवहेलना सोसावी लागली आहे. महाराष्ट्रात कंजारभाट समाजातील विवाहप्रसंगीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध त्याच समाजातील तरुणांनी २०१८ मध्ये चळवळ सुरू केली. अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानला जाईल, असे राज्य शासनाने २०१९ मध्ये जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्य दोन संस्थांसह २०१८ मध्ये कौमार्य चाचणी बंद करण्याचे आवाहन केले. बलात्कारपीडितेच्या तपासणीतील ‘दोन बोटांची चाचणी’ तिच्या प्रतिष्ठेचा भंग करते, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. ही चाचणी करणे हे गैरवर्तन ठरेल, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

स्वच्छता : योनिमार्ग आपल्या स्रावाने स्वतःच स्वच्छ राहतो. आतून पिचकारीने धुणे, जंतुनाशक किंवा सुगंधी द्रव्ये वापरणे यांमुळे उपयुक्त सूक्ष्मजंतू नष्ट होऊन संसर्ग वाढतो. बाहेरील भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. साबण वापरावयाचा झाल्यास सौम्य असावा व तो आत जाऊ देऊ नये. शौचानंतर पुढून मागे धुवावे. कपडे सुती व सैल असावेत. केसांमुळे त्वचेचे घर्षणापासून रक्षण होते. ते काढणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक नाही. ऋतुस्रावाच्या काळात कापडी घड्या वापरल्यास त्या साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवाव्यात. लाजेपोटी अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातलेल्या ओलसर घड्यांनी त्वचेला अपाय होतो [⟶ ऋतुस्राव व ऋतुविकार].

विकार : पारदर्शक किंवा किंचित पांढरा स्राव प्राकृत असून ऋतुचक्राच्या मध्यावर तो वाढतो व तार धरतो. ‘अंगावरून पांढरे जाणे’ म्हणजे शरीरातील धातू झिजणे ही समजूत निराधार आहे. स्रावाचा रंग, वास वा प्रमाण बदलल्यास मात्र तपासणी करावी. दह्याच्या कवडीसारखा स्राव व तीव्र कंड हे कँडिडा या कवकाच्या संसर्गाचे लक्षण असते. तो वारंवार झाल्यास रक्तशर्करा तपासणे आवश्यक ठरते. माशासारखा वास व पातळ करडा स्राव लॅक्टोबॅसिलसांचे प्रमाण घटल्याचे दर्शवितो. ट्रायकोमोनास या प्रजीवाचा संसर्ग संभोगातून होत असल्याने पती व पत्नी दोघांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. बार्थोलिन ग्रंथीची नलिका बंद झाल्यास द्रवार्बुद (द्रवयुक्त गाठ) किंवा विद्रधी (गळू) होते.

सर्वच कंड संसर्गजन्य नसते. विशेषतः ऋतुनिवृत्तीनंतर भगाची त्वचा पांढुरकी, पातळ व चुरगळलेल्या कागदासारखी होऊन रात्री तीव्र कंड सुटत असल्यास त्वचाकाठिण्याचा एक विशिष्ट विकार असण्याचा संभव असतो. वर्षानुवर्षे कवकनाशक मलमे लावून तो बरा होत नाही. त्यावर तीव्र स्टेरॉइड मलमाचा उपचार असून दुर्लक्ष केल्यास काही रुग्णांत कर्करोग उद्भवतो. न भरणारा व्रण, नवी गाठ, रंग बदललेला डाग किंवा अकारण रक्तस्राव ही लक्षणे असल्यास ऊतकाचा तुकडा तपासावा लागतो. स्त्रीने अधूनमधून आरशात हा भाग पाहण्याची सवय ठेवल्यास असे बदल लवकर ध्यानात येतात.

प्रसूतीत मूलाधार फाटण्याच्या चार श्रेणी मानल्या जातात. त्यांपैकी तिसऱ्या व चौथ्या श्रेणींत गुदद्वाराच्या स्नायूला इजा होते व ती तत्काळ शिवणे आवश्यक असते. श्रोणितलाचे स्नायू सैल पडल्याने ‘अंग बाहेर येणे’ किंवा खोकताना लघवी सुटणे हे त्रास होतात. या स्नायूंच्या आकुंचनाचा व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये सुचविला. लवकर सुरू केल्यास त्याचा चांगला उपयोग होतो.

जननेंद्रियांचे छेदन : वैद्यकीय कारणाविना स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांचा भाग कापण्याच्या किंवा त्यांस इजा करण्याच्या प्रथांचे जागतिक आरोग्य संघटनेने चार प्रकार केले आहेत. त्यांचा आरोग्यास कोणताही लाभ नसून रक्तस्राव, संसर्ग, वेदना व प्रसूतीतील उपद्रव हे धोके मात्र असतात. या प्रथांविरुद्धचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१२ मध्ये संमत केला. भारतात दाऊदी बोहरा समाजातील ‘खतना’ प्रथेचा प्रश्न २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला व २०१८ मध्ये तो मोठ्या पीठाकडे सोपविला गेला.

तपासणी व प्रतिबंध : गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी राणी बंग व अभय बंग यांनी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्केच होत्या आणि पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया सु. ८ टक्के. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ गर्भारपण व कुटुंबनियोजन नव्हे, हे त्यामुळे प्रथमच आकड्यांनिशी पुढे आले.

भगाच्या कर्करोगाचा काही भाग आणि गर्भाशय ग्रीवेचा जवळजवळ सर्व कर्करोग मानवी पॅपिलोमा व्हायरसामुळे होतो. हा संबंध प्रस्थापित केल्याबद्दल हाराल्ट त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावरील लस ९ ते १४ या वयात, संसर्गाचा संभव निर्माण होण्यापूर्वी दिल्यास सर्वांत परिणामकारक ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या भारतीय लशीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या व्हायरसाची एकदाच चाचणी केलेल्या गटात ग्रीवाकर्करोगाने होणारे मृत्यू सु. निम्म्याने घटल्याचे दिसले. चाचणीचा नमुना घेण्यास काही मिनिटे पुरतात.

तपासणीपूर्वी स्त्रीची संमती घेणे, काय करणार ते तिला सांगणे आणि आडोसा व स्त्री-परिचारिका यांची सोय असणे आवश्यक असते. आपल्या अवयवांची नावे ठाऊक असलेली स्त्री आपली तक्रार नेमकी सांगू शकते. निदानाचा मोठा भाग तेथेच पार पडतो.