बेताच्या पैशांत लॅपटॉप कसा निवडावा

शालान्त परीक्षा उतरलेल्या आपल्या मुलास अथवा मुलीस पुढील शिक्षणाकरिता लॅपटॉप घेऊन द्यावा, अशी इच्छा आमच्या गोरेगाव तालुक्यातील पुष्कळ पालकांच्या मनात असते. ही इच्छा स्तुत्य होय. परंतु धानाचे चुकारे वर्षातून एकदोन वेळांच हाती येतात व घरातील सारे खर्च त्यांतूनच भागवावयाचे असतात. निवड चुकली तर तो पैसा पुन्हा लवकर उभा राहत नाही. म्हणून या विषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम यंत्र न पाहता काम पाहावे. निबंध लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे, प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे आणि व्याख्याने ऐकणे, हीच बहुतेक विद्यार्थ्यांची नित्याची कामे होत. त्यांस फार सामर्थ्याचे यंत्र लागत नाही. २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एका लहानशा शाळेत मुलांस 'एक्सओ' नावाचे छोटे लॅपटॉप देण्यात आले. त्यांची मेमरी अवघी २५६ एमबी, म्हणजे आजच्या ८ जीबीच्या यंत्राचा बत्तिसावा हिस्सा होती. तरी ती यंत्रे मुलांच्या उपयोगी पडावी अशी होती, कारण त्यांतील कार्यक्रम त्या मापानेच रचलेले होते.

आजचे कार्यक्रम मात्र जड झाले आहेत. विंडोज ११ करिता ४ जीबी मेमरी व ६४ जीबी साठवण ही किमान अट आहे. ते सोयीचे माप नव्हे. मेमरी म्हणजे काम करण्याचे मेज व साठवण म्हणजे कपाट. मेज अपुरे असेल तर पदोपदी खोळंबा होतो आणि कपाट भरले की नव्या सुधारणा घेण्यास जागा उरत नाही. तस्मात् ८ जीबी मेमरी व २५६ जीबीची एसएसडी असावी, हे आमचे मत आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर यंत्र फारच मंद चालते.

जुने यंत्र स्वस्त पडते, पण तेथे विशेष सावध राहावे. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर, थोडे अपवाद वगळता, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. याकरिता प्रोसेसरची पिढी विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत. असे यंत्र घरी आधीच असेल तर मात्र ते टाकून देण्याचे कारण नाही. त्यावर उबुंटू व लिबरऑफिस ही विनामूल्य साधने घालून लेखनाची व हिशेबाची कामे, मराठीतूनसुद्धा, करता येतात.

बॅटरीचीही परीक्षा करावी. विंडोजमध्येच बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. तीत मूळची क्षमता व आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजचा आकडा निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यात धरावी. नवे यंत्र घेताना पक्के बिल व हमीचा कागद घ्यावा, आणि दुरुस्ती गोंदियास होईल की नागपूरपर्यंत जावे लागेल, हे आधीच विचारून ठेवावे.

विद्यार्थ्यांस आमचे एवढेच सांगणे, की दुकानातील झगमगाट पाहून वडीलमंडळींस गळ घालू नये. आपली कामे एका कागदावर लिहून तो कागद त्यांच्या हाती द्यावा. त्या कामांस पुरे पडेल तेच यंत्र आपल्याकरिता उत्तम होय.