नळीतला सिगार

सिगारच्या दुकानात नवखं गिऱ्हाईक बहुधा नळीकडे हात नेतं. पंचवीस सिगारांची लाकडी पेटी खिशाला झेपत नाही, सुटा सिगार घरी नेईपर्यंत चुरगळेल अशी धास्ती असते, आणि काउंटरवर अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत नळ्या उभ्या असतात. फिरकीचं टोपण, आत एकच सिगार. वस्तू देखणी, भेट द्यायलाही बरी. ती घरी येते, टेबलाच्या खणात पडते आणि 'नळीत आहे म्हणजे चांगलाच राहील' या भरवशावर सहा महिने तिथेच राहते. हा भरवसा खोटा आहे. नळी सिगारला धक्क्यापासून वाचवते. काळापासून आणि हवेपासून वाचवणं तिच्या आवाक्यातलं नाही.

नळीतल्या सिगारांतलं एक प्रसिद्ध नाव म्हणजे क्यूबाचा 'रोमेओ इ हुलिएता'. हा छाप १८७५ सालचा. त्याचा 'नंबर २' हा सिगार १२९ मिलिमीटर लांब आणि ४२ रिंगचा असतो. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग; या हिशेबाने त्याची जाडी सतरा मिलिमीटरच्या आत येते. वळून झालेले सिगार लगेच नळीत जात नाहीत. वळताना पानं ओलसर ठेवावी लागतात, म्हणून ते ओलेपण उतरेपर्यंत सिगार वेगळ्या खोलीत ठेवतात. मग वरच्या पानाच्या रंगछटेनुसार निवड होते, कागदी पट्टी चढते आणि त्यानंतर नळीची पाळी येते. विन्स्टन चर्चिल १९४६ साली हवानाला जाऊन आले. याच कंपनीचा १७८ मिलिमीटरचा मोठा सिगार त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि तोही नळीत मिळतो.

टोपण फिरवून उघडलं की आधी सिगार दिसत नाही, दिसतं ते लाकूड. कागदासारखं पातळ, तांबूस, नळीच्या आतल्या भिंतीला लपेटून बसलेलं. हे स्पॅनिश सीडर. आपला कडुनिंब आणि महोगनी ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड. त्याला गोडसर, किंचित मिऱ्यासारखा वास असतो. ते ओलावा शोषतं आणि हळूहळू परत सोडतं, शिवाय किडीला ते रुचत नाही. सिगारच्या पेट्या आणि ह्युमिडॉर नावाचे खास डबे याच लाकडाचे करतात. या झाडाची तोड इतकी झाली, की २०२० पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींसाठीच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचं नियंत्रण आलं. नळीतला तो पातळ पापुद्रा फेकून देण्याजोगा नाही. त्याचा एक उपयोग पुढे येईलच.

सिगार वाळलेल्या पानांचा असला, तरी कोरडा ठणठणीत झालेला चालत नाही. आजूबाजूच्या हवेची आर्द्रता ६५ ते ७० टक्के असेल तर पानांतली तेलं टिकतात. त्याखाली गेली की वरचं पान तडकतं, सिगार भरभर जळतो आणि धूर तिखट लागतो. वर गेली की पानं फुगतात, सिगार ओढायला जड जातो, पुन:पुन्हा विझतो आणि शेवटी बुरशी धरते. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. दोन्ही शहरांत टेबलाच्या खणातल्या नळीचं भवितव्य सारखंच वाईट आहे, फक्त मरण वेगवेगळं. फिरकीचं टोपण हवेची ये-जा मंदावतं, थांबवत नाही. काचेच्या, बूच लावून लाखबंद केलेल्या नळ्या अधिक घट्ट असतात, पण एकदा लाख तुटली की त्याही इतरांसारख्याच.

म्हणून नळीला आणखी एक घर लागतं. लाकडी ह्युमिडॉर असेल तर उत्तमच, पण रबरी कडेचा चांगला हवाबंद डबाही हे काम चोख करतो. त्यात क्षारांच्या संपृक्त द्रावणाची पुडी ठेवतात. ती गरजेप्रमाणे ओलावा देते आणि जास्तीचा ओढून घेते. या पुड्या ६२, ६५, ६९ अशा ठरावीक टक्क्यांच्या मिळतात. डब्यात आर्द्रतामापक हवाच, मात्र विकत आणलेल्या मापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या मिठाने होते. बाटलीच्या टोपणात मीठ घ्यायचं, थेंबथेंब पाणी घालून चिखलासारखं करायचं, विरघळवायचं नाही. ते टोपण आणि मापक एका बंद पिशवीत दिवसभर ठेवायचे. मापकाने ७५ दाखवलं पाहिजे. ७१ दाखवलं तर तो चार टक्क्यांनी मागे आहे, हे कायमचं लक्षात ठेवायचं.

डब्यात नळीचं टोपण लावून ठेवावं की काढून, यावर शौकिनांत दोन तट आहेत. लावून ठेवलं तर त्या सिगारचा स्वत:चा वास आणि सीडरचा वास एकमेकांत मुरतात, शेजारच्यांची सरमिसळ होत नाही. काढून ठेवलं तर पुडीचं नियंत्रण आतपर्यंत पोहोचतं. डब्यातली आर्द्रता स्थिर असेल आणि मुक्काम लांबचा असेल, तर टोपण काढून ठेवणं शहाणपणाचं. डब्यात व्हॅनिलासारख्या वासाचे सिगार असतील, तर मात्र टोपण घट्ट लावलेलं बरं.

नळीचा खरा दोष आहे तो हा, की ती सिगार डोळ्याआड करते. बुरशीची पांढरट-हिरवट लव आतल्या आत पसरते आणि बाहेरून नळी चकचकीतच दिसते. दुसरा शत्रू तंबाखूचा भुंगेरा. दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा. त्याची अळी पान खात आतून बाहेर येते आणि वरच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक पाडते. आपल्याकडे हा किडा परका नाही. साठवलेल्या हळकुंडांना, मिरच्यांना लागतो तोच हा. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची जुनी पद्धत होती, तिचा एक फायदा हळदीला कीड न लागणं हाच होता.

तापमान २४ अंशांच्या वर गेलं की या भुंगेऱ्याची अंडी फुटू लागतात, आणि मुंबईच्या घरात तापमान वर्षातला बहुतेक काळ त्याच्या वरच असतं. त्यामुळे इथे आर्द्रता सांभाळण्यापेक्षा थंडावा सांभाळणं अवघड. शंका आली तर सिगार बंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये आणि पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवतात. फ्रिजची पायरी चुकवली तर अचानक बदलाने वरचं पान फाटतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत नळी विसरणं तर अंडी उबवायला ठेवण्यासारखंच. इथे नळीची एक जमेची बाजू मात्र सांगायला हवी: एका सिगारला लागलेली कीड अ‍ॅल्युमिनियम पोखरून दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही.

ओढायच्या दिवशी सिगार बाहेर काढून बोटांत हलकेच दाबून बघतात. दबून परत वर आला तर ठीक. मऊ लागला तर एखादा दिवस सुक्या डब्यात. टोकाची टोपी दोन मिलिमीटरच कापायची. जास्त कापली तर वरचं पान उलगडतं. पेट्रोलचा लायटर वापरू नये, त्याचा वास धुरात उतरतो. इथे नळीतलं सीडर कामाला येतं. त्याची बोटभर लांब, अरुंद पट्टी चिरायची आणि काडीने पेटवायची. ज्योत मऊ, पिवळी येते. सिगारचं टोक तिच्यापासून थोडं वर धरून फिरवत राहायचं, कडा सारखी करपून लाल होईस्तोवर. मगच पहिला झुरका. नंतर मिनिटाला एखादा पुरतो. घाई केली की सिगार तापतो आणि कडवटतो. धूर छातीत न घेता तोंडात फिरवून सोडतात, पण त्याने तो निरुपद्रवी होत नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं, आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका सिगार ओढणाऱ्यांनाही असतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो.

अर्धा राहिलेला सिगार पुन्हा नळीत घालून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तसं करू नये. विझलेल्या राखेचा आंबूस वास सीडरला कायमचा चिकटतो. प्रवासात, विमानातल्या कोरड्या हवेत, दोन-चार दिवसांसाठी नळीसारखी सोय नाही. पण ज्याच्या घरी ह्युमिडॉर किंवा पुडी घातलेला डबा नाही, त्याने एकाच वेळी एकच नळी आणावी आणि ती आठवड्याभरात संपवावी. ज्याच्याकडे डबा आहे, त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक नळी उघडून आतला सिगार उजेडात बघावा.