बोलतं करणाऱ्यांची शाळा

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात युसूफ वडगाव आहे. अशा गावात दोन वर्षांचं पोर बोलत नसलं, की कारणं घरातच तयार असतात. बापसुद्धा उशिराच बोलला होता. मुली लवकर बोलतात, मुलं वेळ लावतात. जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवा. जिभेखालची शीर तटली असेल, ती कापून आणा. यातलं कुणीच वाईट हेतूनं बोलत नाही, आणि एखाद्या वेळी बाप खरोखरच उशिरा बोललेला असतो. पण या सगळ्या कारणांत कान कुठेच नसतो. मूल हाकेला वळतं का, पाठीमागे ताट पडलं तर दचकतं का, हे पाहण्याआधीच सगळा दोष जिभेच्या माथी मारलेला असतो.

बीएएसएलपी नावाच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच याच्या उलटं शिकवतात: मूल बोलत नाही म्हणून आणलं, तर आधी त्याचं ऐकणं तपासा. जे कधी ऐकलंच नाही, ते मूल बोलणार कसं? ऐकण्याचं शास्त्र म्हणजे ऑडिओलॉजी, आणि बोलण्याच्या, भाषेच्या अडचणींवरचे उपचार म्हणजे स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. आपल्याकडे ही दोन्ही शास्त्रं पदवीला एकत्र शिकवतात आणि पदव्युत्तर पातळीवर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. अमेरिकेत व्यवसायात उतरण्याआधीच या वाटा फुटतात. तिथे ऑडिओलॉजिस्टला डॉक्टरेटच्या दर्जाची व्यावसायिक पदवी लागते. वाचाउपचारतज्ज्ञाला मास्टर्स आणि देखरेखीखाली केलेलं ४०० तासांचं क्लिनिकमधलं काम लागतं. आपली एकत्रित पदवी आपल्याला जास्त सोयीची म्हणायला हवी. जिथे एकच माणूस नेमला जाणार, तिथे त्याला दोन्ही आलं पाहिजे.

पदवी चार वर्षांची असते: तीन वर्षं शिकायचं, एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या सोबतीनं. त्यामुळे एमबीबीएसची यादी हुकल्यावर पसंतीक्रमात खाली-खाली येताना हे नाव पहिल्यांदा वाचणारे विद्यार्थी कमी नाहीत. मग वर्गात बसल्यावर त्यांच्यापुढे जे वाढलं जातं, ते चमत्कारिक वाटावं असं मिश्रण असतं. शरीररचना, ध्वनीचं भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, मानसशास्त्र, मेंदूविकार आणि या सगळ्यांच्या जोडीला भाषाविज्ञान. विज्ञान शाखेतून आलेल्या मुलांना स्वर-व्यंजनांचा अभ्यास करताना प्रथम हसू येतं. परीक्षेच्या तोंडावर ते पळून जातं.

महाराष्ट्रात बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत माझगावला बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकारानं १८८५ साली मूकबधिरांची शाळा निघाली. देशातली ती पहिली मानली जाते. पण ऐकणं मोजणारा, निदान करणारा स्वतंत्र व्यावसायिक ही त्यानंतर बऱ्याच काळानं आलेली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धातून कान गमावून परतलेल्या सैनिकांमुळे अमेरिकेत ऑडिओलॉजीला आकार आला आणि विसेक वर्षांत ते शास्त्र भारतात पोचलं. मैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ची. मुंबईत नायर रुग्णालयातलं शिक्षणही त्याच दशकातलं, देशातल्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासक्रमांपैकी. वांद्रे रेक्लमेशनला ९ ऑगस्ट १९८३ रोजी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ साली वारलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे. पुण्यात भारती विद्यापीठाचं महाविद्यालय आहे. हा सगळा पसारा मुख्यतः मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात आहे, आणि ज्याच्यासाठी तो उभा केला ते मूल पुष्कळदा केज, धारूर, वडवणीकडचं असतं.

कानाची तपासणी बाहेरून सोपी दिसते. आवाजबंद खोली, कानावर हेडफोन, टीं ऐकू आलं की बोट वर. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून द्यायचे आणि कोणता सूर किती डेसिबलला ऐकू येऊ लागतो ते आलेखावर टिपायचं. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. शिकणाऱ्याची खरी कसोटी लागते ती एक कान बरा आणि एक अधू असतो तेव्हा. अधू कानात मोठा सूर सोडला की तो कवटीच्या हाडातून पलीकडच्या बऱ्या कानात जातो. वाड्यात एका खोलीतलं भांडण सामायिक भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला ऐकू जावं, तसं. रुग्ण प्रामाणिकपणे बोट वर करतो आणि आलेख मात्र खोटा ठरतो. म्हणून बऱ्या कानात मोजूनमापून खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवायचं. याला मास्किंग म्हणतात. खरखर कमी पडली तरी चूक, जास्त झाली तरी चूक. तोंडी परीक्षेत हमखास गाळण उडवणारा हा विषय.

प्रामाणिक नसलेला रुग्णही अभ्यासक्रमात आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीतल्या आवाजांसाठी ६० ते ७० डेसिबलची हानी असेल तर कमी ऐकणारा, ७० किंवा त्याहून जास्त असेल तर बहिरा. या आकड्यावर प्रमाणपत्र ठरतं, आणि प्रमाणपत्रावर आरक्षण, बदली, सवलती. तेव्हा मुद्दाम बोट वर न करणारे येणारच. त्यांच्यापैकी एक कान जास्त अधू असल्याचं भासवणाऱ्यांसाठी स्टेंगर चाचणी आहे. एकच सूर दोन्ही कानांत एकाच वेळी दिला, तर माणसाला फक्त मोठा असतो तिकडचाच ऐकू येतो, या साध्या गमतीवर ती बेतलेली आहे. ढोंग करणारा नेमका तिथे अडकतो. त्याच्याही पुढे बेरा आहे, ज्यात डोक्याला इलेक्ट्रोड लावून श्रवणमार्गाचा प्रतिसाद थेट नोंदवतात. तिथे बोटाचा संबंधच येत नाही.

बेराचा मोठा उपयोग अर्थातच तान्ह्या बाळांसाठी. बाळ झोपलेलं असताना ती करता येते. त्याआधी ओएई ही चाळणी चाचणी. निरोगी कान आवाज आल्यावर स्वतःही एक अत्यंत क्षीण आवाज परत पाठवतो, हे डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७८ साली दाखवून दिलं. त्या परतीच्या आवाजाची ही नोंद असते. जगभर मानला जाणारा ठोकताळा एक-तीन-सहाचा आहे. महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. आपल्याकडे मात्र बाप उशिरा बोलला होता या आशेवर दोन-दोन वर्षं सहज जातात.

अभ्यासक्रमाचा दुसरा अर्धा भाग तोंडाकडचा. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं असा रुग्ण पाहिला, की ज्याला ‘टॅन’ एवढं एकच अक्षर उच्चारता येत होतं पण समोरच्याचं बरंचसं समजत होतं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या माणसाशी कसं बोलायचं, त्याला शब्दांपर्यंत पुन्हा कसं न्यायचं, हे या विद्यार्थ्यांना शिकावं लागतं. अशा रुग्णाला गिळतानाही ठसका लागतो, पाणी श्वासनलिकेत उतरतं. कोणता घास किती दाट हवा, मान कशी ठेवायची, हेही काम वाचाउपचारतज्ज्ञाचंच, ही गोष्ट कित्येक नातेवाइकांना पहिल्यांदाच कळते. दुभंगलेल्या टाळूच्या मुलाच्या नाकाखाली आरसा धरून शब्द म्हणायला लावायचे आणि आरशावर वाफ धरते का पाहायचं, तोतरेपणा मोजायचा, बसलेल्या आवाजाचं कारण शोधायचं. बीडसारख्या जिल्ह्यात शेवटच्याला गिऱ्हाईक भरपूर. सप्ताहांमागून सप्ताह करणारे कीर्तनकार, साठ पोरांच्या वर्गात ओरडणारे मास्तर, लिलावात दिवसभर पुकारा करणारे अडते. आवाजालाही विश्रांती लागते, हे त्यांना पटवणं औषध देण्याहून कठीण.

आता खरी गोची. ही सगळी विद्या इंग्रजी पुस्तकांतून येते आणि वापरायची असते मराठीत. तीही पुण्या-मुंबईच्या नव्हे, तर समोरच्या घरातल्या मराठीत. चित्र दाखवून विचारलं, ‘मुलगा काय करतोय?’ उत्तरपत्रिकेत ‘पळतोय’ आहे. बीडचं पोर म्हणतं, ‘पळायलाय.’ ते चूक नाही. त्याच्या आईचं क्रियापद तेच आहे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ण येत नाही, की त्याच्या घरीच न आहे? ‘केळं’चं ‘केलं’ करणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला अजून वेळ द्यायचा, की उपचार सुरू करायचे? दखनी उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला ळ कधी कानावर पडलेलाच नसेल, तर त्याचा उच्चारदोष म्हणून गुण कापणारा विद्यार्थीच नापास व्हायला हवा. तांड्यावरचं मूल घरी गोरबोली बोलतं आणि अंगणवाडीत मराठी ऐकतं. त्याची भाषा मागे आहे असं म्हणण्याआधी दोन्ही भाषा तपासाव्या लागतात. त्यातही ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळे, हे मराठीचं आपलं दुखणं आहेच. इंग्रजीवरून बेतलेली उच्चारचाचणी इथे सरळ तोंडावर आपटते. मराठीत शब्दयाद्या आणि चाचण्या तयार झाल्या आहेत, प्रबंधांतून होतही आहेत. पण त्यांतलं मराठी प्रमाण असतं, आणि बोलीभेद कुठला व विकार कुठला हे ठरवायला कान बसलेला असावा लागतो. तो बसायचा तर विद्यार्थ्यानं त्या बोलीत राहून काम केलं पाहिजे. या शिक्षणात सर्वांत कमी भरलेला रकाना हाच आहे, असं म्हणावं लागतं.

दुसरी गोष्ट पुस्तकात नसते ती कॅलेंडरची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि जोडीबरोबर लहान पोरंही. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती परततात. हे कॅलेंडर उपचारांच्या आड येतं. केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ साली कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या यंत्रासाठी, एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंत मदतीची सोय झाली, वर्षाला ५०० मुलांसाठी. वांद्र्याची संस्था त्याची समन्वयक. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची अट पाच वर्षं. पण शस्त्रक्रिया ही सुरुवात असते. त्यानंतर यंत्राची जुळवणी म्हणजे मॅपिंग, आणि महिनोन्‌महिने थेरपी. आठवड्याला एकदा या, असं सांगणाऱ्या थेरपिस्टला समोरची बाई ऑक्टोबरात सांगलीच्या फडात असणार हे ठाऊक नसेल, तर लाखो रुपयांचं यंत्र आणि मूल दोघंही मुकेच राहतात.

मग अशा आईला काय द्यायचं? डॅनियल लिंग यांची सहा आवाजांची चाचणी हे त्याचं उत्तम उत्तर आहे. आ, ई, ऊ, म, श, स. बोलण्यातल्या जाड आवाजांपासून बारीक आवाजांपर्यंतचा सगळा पट्टा या सहांत येतो. आईनं पदरानं तोंड झाकून एकेक आवाज काढायचा, मुलानं तो परत म्हणायचा किंवा ऐकू आला की खडा डब्यात टाकायचा. रोज सकाळी दोन मिनिटं. काल ‘स’ ऐकू आला आणि आज आला नाही, तर सेल उतरला असेल, मशीनमध्ये घाम-पाणी गेलं असेल किंवा कान वाहत असेल. याला ना आवाजबंद खोली लागते ना वीज. भाकरी थापताना, चूल पेटवताना, बैल सोडताना काय बोलायचं हेही लिहून, नाही तर मोबाइलवर बोलून देता येतं. करोनाकाळात व्हिडिओ कॉलवरच्या थेरपीची सवय दोन्ही बाजूंना लागली आहे. पालकांचं समुपदेशन हा विषय अभ्यासक्रमात आहेच. त्यात उसाचा फड कुठे बसवायचा, एवढाच प्रश्न आहे.

शासनाच्या कागदावर साखळी पूर्ण आहे. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्या आणि एकदा शाळा तपासतात. जन्मजात बहिरेपणा आणि भाषाविकासातला उशीर या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. पुढची पायरी जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, जिथे ऑडिओलॉजिस्ट आणि वाचाउपचारतज्ज्ञाची जागा धरलेली असते. केजच्या पोराला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळचं. कान-नाक-घसा विभाग तिथे मिळतो. पण नवी पदवी घेतलेल्या मुलीला शहरातल्या खासगी क्लिनिकची किंवा श्रवणयंत्रांच्या कंपनीची नोकरी एका बाजूला आणि जिल्ह्याची कंत्राटी जागा दुसऱ्या बाजूला दिसते, तेव्हा ती काय निवडेल हे सांगायला ज्योतिषी नको. २०११च्या जनगणनेत देशात ऐकण्याची अडचण असलेल्यांची नोंद ५० लाखांवर आणि बोलण्याची अडचण असलेल्यांची सुमारे २० लाख होती. जागा भरल्या तरी हात कमीच पडणार. म्हणून बारावीनंतरचा एक वर्षाचा डिप्लोमाही ठेवला आहे. तो केलेले मदतनीस तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तपासणी आणि थेरपी करू शकतात.

मोकळी जागा बाजार भरून काढतो. चष्म्याच्या दुकानात, बाजारच्या दिवशी लावलेल्या शिबिरात, नाही तर ऑनलाइन, तपासणी न करताच कानाचं मशीन विकलं जातं. भारतीय पुनर्वसन परिषद १९९२च्या कायद्यानं आली, आणि तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करणं गुन्हा ठरलं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दंडाची मर्यादा मात्र १००० रुपये, म्हणजे चांगल्या श्रवणयंत्राच्या किमतीपुढे चिल्लर. नोंदणी झालेल्याला मुदतीनंतर ती नूतनीकरण करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी प्रशिक्षणांना हजेरी लावावी लागते. मशीन घेऊ पाहणाऱ्या घरानं समोरच्याकडे दोन गोष्टी मागाव्यात: परिषदेचा नोंदणी क्रमांक, आणि लाल गोल-निळ्या फुल्यांच्या त्या आलेखाची प्रत. दुसऱ्या गावी दाखवायला गेल्यावर तो कागद उपयोगी पडतो, फडावरही आणि वांद्र्यालाही.