जाळ्यांत सांपडणाऱ्या माता

बाजारांत कोळंबीची पाटी दिसली कीं आपण तिचा वाटा व भाव एवढेंच पाहतों. त्यांत नर किती, माद्या किती, कोवळ्या किती व जून किती, हें कोणी विचारीत नाहीं. मासेमारीचा परिणाम समजून घ्यावयाचा तर नेमकें तेंच विचारलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगत मेनचें आखात आहे. तेथील थंड पाण्यांतील कोळंबीचें जीवित मोठें चमत्कारिक! आमच्या बाजारांतील बहुतेक कोळंबींत नर तो नर व मादी ती मादीच राहते. ही मात्र अडीच वर्षांच्या सुमारास नर म्हणून वयांत येते आणि पुढें साधारण एका वर्षानें तिचें मादींत रूपांतर होतें. म्हणजे त्या समुदायांत लहान ते नर व मोठ्या त्या माद्या. मादी पोटाखालीं अंडीं धरून हिवाळ्यांत किनाऱ्याकडे येते, आणि मासेमारीचा हंगामही तोच असे.

आतां जाळ्याच्या छिद्रांतून लहान कोळंबी निसटते, मोठी अडकते. इतर जातींत मोठ्यांबरोबर नर व माद्या दोन्ही जातात. येथें बहुतांशीं माताच जातात. पिलें अंड्यांतून निघण्यापूर्वीं जाळें टाकलें तर अंडींही गेलीं. नंतर टाकलें तर निदान तीं वांचलीं. म्हणून हंगाम केव्हां उघडावा हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. शिवाय एखाद्या वर्षीं पिलें जगलीं नाहींत, तर त्याचा फटका तीन-चार वर्षांनीं, मातांची उणीव होऊन, दिसतो. एरिक चार्नोव्ह या शास्त्रज्ञानें असा विचार मांडला कीं, मोठ्या माद्या फार मारल्या गेल्यास लहानपणींच मादी होणें कोळंबीच्या हिताचें ठरतें. परंतु लहान मातेच्या पोटाखालीं अंडीं थोडींच मावतात.

१९६९ सालीं या आखातांतून सुमारें १२,८०० टन कोळंबी निघाली. पुढें ती इतकी घटली कीं १९७८ सालीं मासेमारी बंद ठेवावी लागली. साठा कांहींसा सांवरला. पण २०१४ सालीं पुन्हां बंदी आली. सारा दोष जाळ्यांचा नव्हे. आखाताचें पाणी तापत गेलें व थंडीच्या या जीवास तें मानवलें नाहीं. शेवंडाचा हंगाम मंदावल्यावर तेथील लहान होडीवाल्यांस हिवाळ्याची मिळकत याच कोळंबीची असे, ती बुडाली.