चौघीजणी निघाल्या वसईला!

“सोबत कोण आहे?” बाईने फिरायला जायचे म्हटले की घरोघरी हा प्रश्न ठरलेला. आम्ही वाशीच्या चौघींनी सांगून टाकले, “आम्हीच!”

पाठीवर सॅक, सॅकेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाणी. लोकलने कुर्ला, मग दादर, तिथून विरार गाडीने वसई रोड, पुढे रिक्षा. खर्च म्हणाल तर भाड्याचाच. एक दिवस घरच्यांनी वरणभाताचा कुकर लावला तर काही बिघडत नाही हो!

वसईचा किल्ला म्हणजे तटाआडचे अख्खे शहर. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि इथे चर्च, मठ, वाडे उभे राहिले. छपरे कधीच गेली. कमानी मात्र बघत राहाव्यात अशा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. इथल्या चर्चमधल्या घंटा पुढे आपल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच म्हणतात. १८०२ चा दुसऱ्या बाजीरावाचा तहही इथलाच, पण तो आठवून कशाला दिवस खराब करा!

आमच्यातली एक, वय बावन्न, लग्नानंतर प्रथमच घरच्यांशिवाय बाहेर पडलेली. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यापाशी ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. आम्हीही तिला उठवले नाही.

जाणार असाल तर सकाळीच पोचा. दुपारी तटावर ऊन फार. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. किल्ल्यात स्वच्छतागृहाचा भरवसा धरू नका. आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या चढू नका.

पुढच्या भिशीला घारापुरी ठरली आहे. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार धरला.