मोटार चालू होईना, तर आधी काय बघायचं?



आजचा विषय आपल्या विहिरीवरचा आहे. बटण दाबलं, पण मोटार चालू होईना. अशा वेळी काय बघायचं, कोणत्या क्रमानं बघायचं आणि कुठे हात लावायचाच नाही, ते आज बोलू.

आधी आमचीच फजिती सांगतो. कयाधूच्या काठाला आमच्या गटानं भाजीपाला केला होता. मेथी, पालक, वांगी, मिरची. उथळ विहीर, तिच्यावर तीन एचपीची थ्री फेज मोटार. एप्रिल महिना होता. एका सकाळी हिरवं बटण दाबलं, स्टार्टर ‘खट्ट’ वाजला, मोटार नुसती गुणगुणली आणि जागची हलली नाही. आम्ही पुन्हा दाबलं. मग एकीनं दाबलं, मग दुसरीनं. एकीनं तर स्टार्टरवर लाकडानं दोन ठोके दिले. आठ-दहा वेळा झाल्यावर जळका वास आला.

वायरमन दादा आले. म्हणाले, “ताई, डीपीवरचा एका फेजचा फ्यूज गेलेला आहे. तेवढ्यापायी तुम्ही मोटार जाळली.” मोटार वाइंडिंगला गेली, आठ दिवसांनी आली. तोवर मेथी-पालक करपून गेले होते. पैसे गेले ते गेलेच, पण बटणाजवळ आम्ही पाच जणी उभ्या होतो आणि मोटार काय सांगते हे एकीलाही कळलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

त्या दिवशी दादांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. बटण एकदा दाबायचं आणि कान द्यायचा. मोटार बंद पडते ती तीन तऱ्हांनी. एक, अगदी मुकी राहते. दोन, गुणगुणते पण फिरत नाही. तीन, फिरते आणि लगेच बंद पडते. तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिली तऱ्हा: मोटार मुकी. स्टार्टरही वाजत नाही. याचा अर्थ बहुतेक वेळा वीज तिथवर पोचलेलीच नाही. आधी बघा, शेतीची लाइट आहे का? घरात बल्ब लागतो म्हणजे शेतात लाइट आहे, असं नसतं. गावठाणाची आणि शेतीची लाइन बऱ्याच ठिकाणी वेगळी असते आणि शेतीच्या लाइटच्या वेळा ठरलेल्या असतात. शेजारच्या शेतातली मोटार चालू आहे का, हे विचारलं तरी निम्मा उलगडा होतो. मग पेटीवरचे दिवे बघा. थ्री फेजला लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे असतात. तिन्ही लागले पाहिजेत. एक विझलेला असेल तर एक फेज गेलेली असू शकते. मग मेन स्विच वर आहे का, एमसीबी खाली पडलेली आहे का, ते बघा. विहिरीत पाणी कमी झालं की मोटार बंद करणारं यंत्र काही पेट्यांत असतं. ते असेल तर विहिरीत डोकावून पाणी बघा. उन्हाळ्यात मोटार बिघडलेली नसते, विहीर खाली गेलेली असते. सबमर्सिबल मोटार पाण्यानंच थंड राहते, म्हणून ती कोरडी चालवणं म्हणजे ती जाळणंच.

दुसरी तऱ्हा: मोटार गुणगुणते. ही सगळ्यात धोक्याची. वीज पोचली आहे, पण मोटारीला फिरता येत नाही. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फिरायला लागली की तो उतरतो. फिरलीच नाही तर तेवढा करंट तारांमधून वाहत राहतो आणि आतली वाइंडिंग तापते. दर वेळी बटण दाबलं की आणखी तापते. म्हणून गुणगुण ऐकू आली की लगेच लाल बटण दाबा आणि मेन स्विच पाडा.

कारणं मुख्यतः चार. थ्री फेज असेल तर एक फेज गेलेली असते. आमचं तेच झालं होतं. साध्या स्टार्टरची कॉइल दोनच फेजवर ओढली जाते. गेलेली फेज तिसरी असली तर स्टार्टर खुशाल ‘खट्ट’ वाजतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. सिंगल फेज असेल तर पेटीतला कंडेन्सर गेलेला असू शकतो. सिंगल फेज मोटारीला पहिला धक्का देतो तो कंडेन्सरच. तिसरं कारण कमी व्होल्टेज. २३० च्या जागी १६० व्होल्ट आले तर मोटारीची सुरुवातीची ताकद निम्म्यावर येते. पेटीवर व्होल्टमीटर असेल तर बटण दाबण्याआधी त्याच्याकडे नजर टाका. चौथं, पंप आतून अडकलेला असतो. पावसाळाभर बंद राहिलेला पंप गंजतो, गाळाच्या विहिरीत पंख्यात वाळू-कचरा बसतो.

तिसरी तऱ्हा: फिरते आणि बंद पडते. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड नावाचा राखणदार असतो. करंट वाढला की तो मोटार तोडतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा, रिसेटचं बटण एकदा दाबा, पुन्हा चालू करून बघा. पुन्हा पडली तर तिथेच थांबा. राखणदार सारखा ओरडतो म्हणून त्याचं तोंड बांधायचं नसतं. आमच्या स्टार्टरचा ओव्हरलोड कुणीतरी मधून वायर जोडून बाद केलेला होता. तो जागेवर असता तर मोटार बहुधा वाचली असती. फ्यूजचंही तेच. तो वारंवार जातो म्हणून जाड तार टाकली की फ्यूज टिकतो आणि मोटार जळते.

पंप कुठलाही असो, रीत एकच. कोकणातल्या मच्छीमार बोटींच्या तळाला साचलेलं पाणी उपसायला लहान पंप असतो. आपला पंप पाणी आणतो, त्यांचा पाणी बाहेर टाकतो. तो चालू झाला नाही तर बोट पाण्यानं भरायला लागते. तेही आधी बॅटरी आणि तिची टोकं बघतात, मग फ्यूज, मग पाणी वाढलं की पंप चालू करणारा तरंगता खटका, आणि शेवटी पंपात अडकलेला कचरा. वीज जिथून येते तिथून निघायचं आणि पंपापर्यंत जायचं. अधूनमधून उडी मारायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोटार भरून निघते, माणूस भरून निघत नाही. आपण बघायचं, ऐकायचं, मेन स्विच पाडायचा. पेटी उघडून आत हात घालायचा नाही. मेन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते आणि झटका देते. डीपीवर चढून फ्यूज टाकायचा नाही, घरच्या माणसालाही टाकू द्यायचा नाही. त्यासाठी वीज कंपनीच्या माणसाला बोलवा किंवा १९१२ ला फोन लावा. ओल्या हातानं, अनवाणी, चिखलात उभं राहून बटण दाबायचं नाही. चपला घाला, पायाखाली कोरडी फळी ठेवा. मोटार चालू असताना विहिरीत उतरायचं नाही. सबमर्सिबल केबलला धरून ओढायची नाही, ती दोरानंच काढायची.

आणि ऑटो स्विच. लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा. लाइट आल्याबरोबर सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर एकाच वेळी भार पडतो. त्यातच कुणी पाइप जोडायला पाण्यात हात घातलेला असेल, तर? लाइट गेली म्हणून मोटार बंद आहे, असं कधी धरू नका. मेन पाडलेला असेल तरच ती बंद.

कुणाला शॉक लागला तर धावत जाऊन धरायचं नाही. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं बाजूला करा. १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरानं आणि भरभर दाबत राहा, गाडी येईपर्यंत.

पुढच्या बैठकीत गटानं एवढं करा. सगळ्या जणी विहिरीवर जा, मेन स्विच कुठला ते प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं पाडून बघा. वायरमनला बोलवून अर्थिंग आणि ओव्हरलोड तपासून घ्या. गटाच्या वहीत एक पान मोटारीचं ठेवा: किती एचपी, किती फेज, कधी दुरुस्त केली, काय निघालं. वायरमनचा नंबर पेटीच्या झाकणावर आतून नाही, बाहेरून लिहा.

आमच्या पेटीवर आता खडूनं तीन शब्द लिहिलेले आहेत. मुकी, गुणगुण, पडते. जी कुणी पाणी द्यायला जाते, ती बटण एकदाच दाबते आणि कान देते. फोनवर वायरमन दादांना “मोटार चालू होईना” असं आम्ही आता सांगत नाही. “गुणगुणते, पिवळा दिवा नाही, मेन पाडलाय,” असं सांगतो. ते येतानाच लागणारं सामान घेऊन येतात.

भेटू पुढच्या बोलण्यात. नमस्कार.