विसरले, म्हणून वाचलं!

मंडे मॉर्निंग. हातात कॉफी, इनबॉक्समध्ये साठ मेल्स आणि स्क्रीनवर निळ्याशार तळ्याचा वॉलपेपर. अशा वॉलपेपरमध्ये खरंच कुणी राहतं का हो?

राहतं की! फिनलंडच्या मध्यभागी, युवास्क्युला शहरापासून साधारण ३५ किलोमीटरवर पेतायावेसी नावाचं गाव आहे. 'पेताया' म्हणजे पाइनचं झाड, 'वेसी' म्हणजे पाणी. नावातच सगळं आलं! वस्ती चार हजारांच्याही आत. आपल्याकडच्या एखाद्या टाउनशिपमध्ये याहून जास्त माणसं सहज मावतील.

पण या चिमुकल्या गावाकडे वर्ल्ड हेरिटेजचा टॅग आहे, तो तळ्याकाठच्या जुन्या लाकडी चर्चमुळे. याक्को लेप्पानेन या मिस्त्रीने १७६३ ते १७६५ मध्ये ते उभारलं. जागाही डोकं लावून निवडलेली. उन्हाळ्यात लोक होडीने येणार, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून! आराखड्याच्या कल्पना युरोपातल्या भव्य चर्चेसच्या: क्रॉसचा आकार, मधोमध घुमट. बांधकाम मात्र अस्सल गावरान, ओंडक्यावर ओंडका रचून. १८२१ मध्ये याक्कोचाच नातू एर्की याने त्याला घंटाघर जोडलं. आजोबांचं काम नातवाने पुढे नेलं म्हणा ना!

खरा ट्विस्ट पुढेच आहे. १८७९ मध्ये गावाने नवं चर्च बांधलं आणि जुन्याकडे चक्क पाठ फिरवली. ना हीटिंग आलं, ना 'मेकओव्हर' झाला. इमारत मोडकळीला आली खरी, पण तिचं मूळ रूप तसंच राहिलं. १९२० च्या दशकात ऑस्ट्रियन कला-इतिहासकार योझेफ स्ट्रिगोव्स्की यांनी तिचं मोल ओळखलं आणि मग दुरुस्ती सुरू झाली. १९९४ मध्ये युनेस्कोने शिक्कामोर्तब केलं.

आजही आत हीटिंग नाही. त्यामुळे प्रार्थना आणि लग्नं उन्हाळ्यातच. जायचा विचार असेल, तर तुम्हीही तेव्हाच जा.

२०२५ मध्ये शिवकालीन किल्लेही याच यादीत आलेत. पेतायावेसीचं चर्च वाचलं ते निम्मं नशिबाने. दर वीकेंडला ट्रेकर्सनी गजबजणाऱ्या किल्ल्यांना मात्र 'विसरले म्हणून वाचले' ही चैन नाही. तेव्हा पुढच्या ट्रेकला भिंतीवर बदामात नाव कोरणारा मित्र दिसला, तर त्याला तिथेच थांबवा. एवढं तर आपल्याला जमेल ना?